मेंदूच्या दुखापतीनंतरचा टोकाचा थकवा : दिवस कसा आखावा?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे यजमान सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत प्राथमिक शिक्षक आहेत. गेल्या गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून परतताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ते आदळले. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता आणि यजमानांचे हेल्मेट घरी खुंटीवर होते. मिरजेत दाखल केले तेव्हा जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) ११ असल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे. मेंदूच्या कपाळामागील भागाला मुका मार लागून थोडा रक्तस्राव झाला होता, परंतु शस्त्रक्रिया करावी लागली नाही. आता हातापायांत कमजोरी नाही, बोलणे स्पष्ट आहे, आणि पाहणाऱ्याला ते पूर्ण बरे झाले आहेत असेच वाटते.

अडचण थकव्याची आहे, आणि ती कोणाला सांगून पटत नाही. सकाळी ते चांगले असतात. परिपाठ, हजेरी आणि पहिल्या दोन तासिका व्यवस्थित पार पडतात. पण दुपारच्या सुट्टीपर्यंत चेहरा उतरतो, मुलांची नावे आठवत नाहीत, आणि फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता ते मध्येच थांबतात. पोषण आहाराची नोंद करायला बसले की भोवती मुलांचा गलका, ताटांचा आवाज आणि शेजारी कोणाचे तरी बोलणे चालू असते. त्या अर्ध्या तासात उरलेसुरले त्राण जाते. घरी आल्यावर चहाचा कप तसाच निवून जातो आणि ते भिंतीकडे तोंड करून पडतात. मागे चुलत दिरांच्या घरी वास्तुशांत होती. तेथे ते सर्वांशी हसून बोलले, पंगतीत वाढायलाही उभे राहिले. त्यानंतर दोन दिवस मात्र त्यांना अंथरुणातून उठवत नव्हते आणि खिडकीचा उजेडही सोसवत नव्हता.

मुख्याध्यापक म्हणतात की माणूस तर ठणठणीत दिसतो. सासूबाईंना ही गोळ्यांची गुंगी वाटते, तर दिरांच्या मते घरी राहून अंग सुस्तावले आहे. यजमानांना स्वतःलाही आपण आळशी झालो असे वाटते, त्यामुळे ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी ते साठलेली सगळी कामे एकदम उरकायला घेतात आणि पुन्हा कोलमडतात. अशा रुग्णाचा दिवस कसा आखावा, कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि शाळेत काय व कसे सांगावे, याविषयी जाणकारांनी आणि ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

मागचे_टेबल

ताई, मी नाशिकला बँकेत आहे. काही वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्याने मेंदूवर साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढावे लागले होते. त्यामुळे आपण लिहिलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य मला ओळखीचे वाटले.

या थकव्याची मोठी खोड अशी की तो काम चालू असताना कळत नाही. कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे दमल्यावर थांबायचे हा नेहमीचा रिवाज येथे उपयोगाचा नाही. बरे वाटत असतानाच, घड्याळाकडे पाहून थांबावे लागते. मी मोबाइलवर गजर लावतो आणि तो वाजला की बेरीज अर्धवट असली तरी पेन खाली ठेवतो. सुरुवातीला याचा फार राग येई, कारण हातातले काम दोन मिनिटांत संपणार आहे असे दर वेळी वाटे.

कोणत्या कामाने किती शक्ती जाते, याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. मला बराच वेळ चालणे जमते, पण मंडईत थोडा वेळ उभे राहिले तरी डोके जड होते. तेथे एकाच वेळी भाव ऐकायचे, हॉर्नकडे दुर्लक्ष करायचे, सुटे पैसे मोजायचे आणि घरून काय सांगितले होते ते आठवायचे असते. बँकेतही मी काउंटर सोडून मागचे टेबल मागून घेतले. पगारात फरक पडला नाही. समोर रांग नाही, दोन बाजूंनी हाका नाहीत, एवढ्यानेच दुपारनंतरचा माझा बराच त्रास कमी झाला. जुळणीचे किचकट काम मी जेवणाआधी करतो आणि शिक्के मारणे, कागद लावणे असली कामे नंतरसाठी ठेवतो. आपल्या यजमानांच्या बाबतीत गणित सकाळी आणि कार्यानुभव किंवा चित्रकला दुपारी असा बदल वेळापत्रकात करता आला तर पाहावे. पोषण आहाराची नोंद दुसऱ्या एखाद्या शिक्षकाशी अदलाबदल करून टाळता आली, तर ती आधी टाळावी.

मोबाइल पाहत लोळणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे समजायला आमच्या घरात सर्वांनाच वेळ लागला. डोळे मिटून, खोलीत अंधार करून, कोणाशी न बोलता पडून राहिले तरच डोके हलके होते. टीव्ही पलीकडच्या खोलीत चालू असला तरी त्याचा भार पडतो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल थोडे लिहितो, कारण आपल्याकडे हा विषय नाजूक असतो. लोक प्रेमाने येतात, शहाळे घेऊन येतात, अपघात कसा झाला ते पहिल्यापासून विचारतात, आणि चहा येईपर्यंत तिघे जण एकाच वेळी बोलू लागलेले असतात. माझी पत्नी पाहुण्यांना दारातच सांगत असे की डॉक्टरांनी थोडाच वेळ बोलायला परवानगी दिली आहे. डॉक्टरांचे नाव घेतले की कोणी रागावत नाही.

चांगल्या दिवशी केलेले जास्तीचे काम ही उद्याच्या दिवसातून घेतलेली उचल असते आणि तिची वसुली व्याजासकट होते. वास्तुशांतीनंतरचे ते दोन दिवस हीच वसुली होती. कार्याला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. आदल्या दिवशी दुसरे काही ठेवू नये, वेळेवर जाऊन जेवण झाले की निघावे, वाढायला उभे राहू नये आणि दुसरा दिवस मोकळा राखावा.

अण्णा_बार्शी

आपणा सर्वांच्या अनुभवाचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या पुतण्याला असाच अपघात झाला होता. त्याला आम्ही रोज शेतावर नेले, मोटर चालू-बंद करायला लावली, गुरांना वैरण टाकायला लावली, आणि तो हळूहळू सुधारला. माणसाला सारखे जपत राहिले तर तो मनाने आजारी पडतो. इच्छाशक्ती हवी, सकाळचे फिरणे हवे आणि जोडीला ब्राह्मी चालू करावी, असे माझे मत आहे.

ओटी_पुणे

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) असून मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर काम करते. कृष्णाकाठ ताईंनी फार नेमके वर्णन केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते. हे सर्व आपल्या न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्ट यांच्याशी बोलण्यासाठी आहे, त्यांच्या सल्ल्याऐवजी नाही.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी आधी वेगळ्या करून पाहाव्यात. पहिली म्हणजे मानसिक थकवा : माणूस चांगली सुरुवात करतो आणि लक्ष देऊन काम करताना त्याची कामगिरी उतरत जाते. दुसरी म्हणजे झोपाळूपणा : काहीही केलेले नसताना, नुसते शांत बसले तरी डोळा लागतो. तिसरी म्हणजे पुढाकार हरवणे : कपाळामागील भागाला इजा झालेल्यांत हे पुष्कळदा दिसते, माणूस स्वतःहून उठत नाही, पण कोणी हाताला धरून कामाला लावले तर न दमता करतो. अण्णा, आपल्या पुतण्याला शेतावर नेऊन गुण आला असेल तर त्यात या तिसऱ्या गोष्टीचा वाटा असू शकतो, आणि तिथे आपण केलेला उपाय योग्यच म्हणावा लागेल. ताईंचे यजमान मात्र स्वतःहून उठतात, वाजवीपेक्षा जास्त करतात आणि मग कोसळतात. त्यांना आणखी ढकलले तर ते अधिक वेळा कोसळतील. त्यांची इच्छाशक्ती कमी नाही. उलट ती आवरण्याची गरज आहे.

असे का होते, तेही सांगते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विसावलेल्या अवस्थेतही तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. इजेनंतर पूर्वी आपोआप होणारी कामे लक्ष देऊन करावी लागतात : गलक्यातून एकच आवाज वेगळा काढणे, बोलणे ऐकताना लिहिणे, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे. त्याच कामाला जास्त मेहनत लागते आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच सीटी स्कॅन सुधारला तरी थकवा राहू शकतो. जीसीएस ही ३ ते १५ गुणांची मोजणी १९७४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी मांडली. ९ ते १२ म्हणजे मध्यम इजा. पण त्या आकड्यावरून पुढे किती थकवा येईल हे ठरत नाही. १५ गुण असलेल्या रुग्णांनाही महिनोन्महिने असा थकवा येतो.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर आणि सोडियम या साध्या तपासण्या झाल्या नसतील तर प्रथम कराव्यात. त्यानंतरचा, आणि वारंवार राहून जाणारा, भाग पिट्युटरी ग्रंथीचा. ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत असते आणि बारीक देठाने वर जोडलेली असते. डोक्याला जोराचा हिसका बसला तर तिचा रक्तपुरवठा किंवा तो देठ दुखावू शकतो आणि हार्मोन्स कमी पडू लागतात. यासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल, फ्री टी-फोर (थायरॉइडचे हार्मोन), आणि पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन पाहतात. फक्त टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे हार्मोन) करून थांबू नये, कारण दोष पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइडचे हार्मोन कमी असू शकते. यातील काही उणे निघाले तर त्यावर उपचार आहेत.

गोळ्यांबद्दल सासूबाईंची शंका अगदीच गैर नाही. डोक्याच्या गंभीर इजेनंतर फिट येऊ नये म्हणून पहिल्या सात दिवसांसाठी औषध देण्याची प्रथा आहे. उशिरा येणाऱ्या फिट त्याने टळतात असे आढळलेले नाही. तरीही पुष्कळ रुग्णांचे औषध महिनोन्महिने चालूच राहते आणि त्यातील काही औषधांनी सुस्ती व चिडचिड येते. मात्र ही गोळी मनाने कधीही बंद करू नये. एकदम थांबवल्यास फिट येण्याचा धोका असतो. ती अजून का चालू आहे, एवढा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. ब्राह्मी किंवा इतर काही सुरू करायचे असल्यास तेही त्यांना दाखवूनच करावे.

झोपाळूपणा मोजण्यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत तासभर मागे बसून जाताना, अशा आठ प्रसंगांत डोळा लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २४ पैकी १० पेक्षा जास्त आले तर झोपेची तपासणी करावी. यजमान घोरतात का, झोपेत श्वास अडखळतो का, हेही पाहून ठेवावे.

आखणीसाठी एक वही करावी. दोन आठवडे दर दोन तासांनी काय केले आणि थकवा दहापैकी किती, एवढेच लिहावे. कामे कमी करण्याची घाई करू नये. वही भरली की दिसू लागते की थकवा दुपारी १ वाजता येत नाही, तर गलक्यात केलेल्या कामानंतर येतो, किंवा बसने उभ्याने आल्यावर येतो. मग त्या कामाच्या आधी आणि नंतर विश्रांती ठेवता येते. सर्वात वाईट दिवशीही झेपेल एवढ्या कामापासून सुरुवात करून रोज तेवढेच करायचे, बरे वाटले म्हणून जास्त नाही आणि वाईट वाटले म्हणून शून्य नाही. काही आठवडे हे स्थिर राहिले तरच थोडे वाढवायचे. दुपारची झोप २० ते ३० मिनिटांपुरती आणि ३ वाजण्यापूर्वी असावी, नाहीतर रात्रीची झोप बिघडते. चहा-कॉफी दुपारनंतर टाळलेली बरी.

फिरण्याविषयी अण्णांशी मी सहमत आहे. हळूहळू वाढवत नेलेले चालणे उपयोगी पडते, फक्त ते शाळेच्या धकाधकीवर चढवलेले ओझे होऊ नये. शांत रस्ता, सकाळची वेळ, आणि परत येण्याइतकी शक्ती शिल्लक असताना वळणे, इतके पाळावे. जागे राहण्यासाठी मोडाफिनिलसारखी औषधे कोणी सुचवतील. चाचण्यांत दिवसाच्या झोपेवर त्यांचा काही उपयोग दिसला आहे, थकव्यावर खात्रीचा गुण दिसलेला नाही.

एक धोक्याची सूचना. थकवा पूर्वीपेक्षा एकाएकी वाढला, सोबत डोकेदुखी, उलट्या, चालताना तोल जाणे किंवा सतत गुंगी असे काही दिसले, तर त्याला हा जुना थकवा समजू नये. मेंदूवर उशिरा रक्त किंवा पाणी साचू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

डोंबिवलीकर

माझ्या आईला मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाला होता. कारण वेगळे असले तरी थकवा हाच. आम्हाला उपयोगी पडलेली एक गोष्ट लिहिते. थकवा येण्यापूर्वीची खूण प्रत्येकाची वेगळी असते आणि ती रुग्णाआधी घरच्यांना दिसते. आई दमू लागली की प्रत्येक गोष्टीला नुसते "हो" म्हणू लागते. "भात लावू का?" हो. "की पोळ्या करू?" हो. आणि उजव्या हाताच्या बोटाने भुवई चोळत राहते. तेव्हाच तिला आत नेऊन निजवले तर तासाभरात ती ताळ्यावर येते. आणखी अर्धा तास गेला तर रडू येते आणि संध्याकाळ वाया जाते. आपल्या यजमानांचे भागाकार लिहिता लिहिता थांबणे ही कदाचित उशिराची खूण असेल. त्याच्या आधीची एखादी शोधावी.

गणपतीत आमच्या इमारतीसमोरच मंडप असतो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी आम्ही आईला बदलापूरला मावशीकडे नेतो. कानात कापूस घालून भागत नाही, कारण ढोलाचा दणका छातीत बसतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी यजमानांना ही सर्व उत्तरे थोडी थोडी वाचून दाखवली. "आवरण्याची गरज आहे" हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले. एपवर्थचे प्रश्न विचारले तेव्हा १३ गुण आले. घोरणे तर लग्न झाल्यापासूनचेच आहे, पण अपघातानंतर श्वास मध्येच थांबून ते दचकून उठतात हे मला आता ध्यानात येते. फिटची गोळी अजून चालू आहे आणि त्यांना फिट एकदाही आलेली नाही. रक्ताच्या तपासण्यांत फक्त टीएसएच झालेले आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

शाळेबाबत मात्र अजून कळत नाही. वैद्यकीय रजा संपत आल्या आहेत. अपंगत्वाचा दाखला काढावा का? आणि डॉक्टरांकडून पत्र घ्यायचे तर त्यात काय लिहून घ्यावे?

ओटी_पुणे

१३ गुण आणि श्वास अडखळणे, म्हणजे झोपेची तपासणी करून घ्यायलाच हवी. झोपेतील श्वासरोध निघाला तर रात्री मास्कद्वारे हवेचा दाब देणारे यंत्र वापरतात. त्याने थकव्याचा सगळा भाग गेला नाही तरी दिवसाची झोप कमी होते. तोपर्यंत त्यांनी मोटारसायकल चालवू नये. शाळेत सोडण्या-आणण्याची सोय कोणाकडून तरी करावी.

दाखल्याबद्दल : दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, पण नुसता थकवा त्यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही आणि मेंदूच्या इजेचेही त्यात वेगळे नाव नाही. स्मरणशक्ती, दृष्टी, तोल किंवा वाचा यांत मोजता येण्यासारखी कमतरता असेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे. त्यासाठी आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेचा विचारशक्तीवरील परिणाम तपासणारे मानसशास्त्रज्ञ) लक्ष व स्मरण यांची लेखी चाचणी करून घ्यावी. दाखला मिळाला तर त्याच अधिनियमाचे कलम २० महत्त्वाचे आहे : नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर नेऊ शकत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते. जिल्हा परिषद यात मोडते. परंतु आपल्याला आज गरज आहे ती दाखल्याची नसून कामात थोड्या बदलांची, आणि ते पत्रावरही मिळू शकतात.

पत्रात "थकवा येतो, सहकार्य करावे" असे मोघम लिहून घेऊ नये. त्यावर कोणी काही करू शकत नाही. निदान, इजेची तारीख, आणि हा त्रास त्या इजेचा परिणाम आहे हे एका वाक्यात असावे. त्यानंतर नेमक्या सूचना असाव्यात : सलग किती वेळ वर्गावर उभे राहता येईल, मध्ये किती मिनिटे शांत खोलीत बसू द्यावे, गणित व भाषा सकाळच्या तासिकांत असावे, पोषण आहार व ऑनलाइन माहिती भरण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, आणि या व्यवस्थेचा तीन महिन्यांनी फेरविचार करावा. मुदत लिहिली की मुख्याध्यापकांनाही मान्य करणे सोपे जाते, कारण कायमची सवलत दिली असे होत नाही. सर्वेक्षण किंवा निवडणुकीचे काम आले तर सूट मागण्यासाठी वैद्यकीय कारणाचा वेगळा अर्ज करावा लागेल. त्याला हेच पत्र जोडता येईल. मुख्याध्यापकांना भेटायला शक्यतो सकाळी जावे, आपण सोबत असावे, आणि वहीतील दोन आठवड्यांची नोंद दाखवावी. पत्राची एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या आवक कक्षात देऊन तिची पोच घ्यावी.